एल्विराचा नवस आणि बिनचरबीचा टाको

...आणि बटाट्यात काय असणार, तुम्हीच सांगा. बटाट्यात बटाटा असणार, फार तर मीठ, असं आपण समजतो. आमच्या सॅन अँटोनियोत तसं समजू नका. इथे बटाट्यात डुकराची चरबी असते, बीन्समध्ये बेकन असतं, भातात कोंबडीचं पाणी असतं, आणि विचारायला जा, सगळे एकाच तोंडाने सांगतात, "छे छे, मांस नाहीच त्यात. नुसतं चवीपुरतं."

तुम्हाला सांगतो, या चवीपुरत्याने आमच्या अर्नुल्फोचा जीव घ्यायचा तेवढा बाकी ठेवला होता. आणि खात तो नव्हता बरं का. खात होती त्याची बायको.

पहिल्यापासून सांगतो. अर्नुल्फो माझ्या समोरच्या घरात राहतो. जन्मभर लोकांचे एसी दुरुस्त केले, निवृत्त झाला, आणि मागच्या हिवाळ्यात त्याच्याच छातीचं मशीन बंद पडलं. बायपास. तो आत टेबलावर, आणि त्याची बायको एल्विरा बाहेर, हॉस्पिटलातल्या त्या एवढ्याशा प्रार्थनेच्या खोलीत, ग्वादालूपेच्या मातेसमोर, म्हणजे आमच्या मेरीमातेसमोर. नवस बोलली, की नवरा जिवंत बाहेर आला तर वर्षभर मांसाला शिवणार नाही. मग तिलाच वाटलं, मांस काय, ईस्टरच्या आधीच्या उपासात सगळं गाव सोडतं, एवढ्यावर माता कशाला ऐकेल? म्हणून वर आणखी घातलं, चरबीसुद्धा.

चरबीसुद्धा... या एका शब्दाने घात केला बघा.

अर्नुल्फो जिवंत बाहेर आला. आता हा माणूस चर्चमध्ये कधी गुडघे टेकायचा नाही, गुडघे टेकायचा ते एसीच्या खालून काय गळतंय ते बघायला. पण नवसाचं कळलं आणि त्याच्या डोक्यात पक्कं बसलं. मला म्हणाला, "नळ्या डॉक्टरांनी जोडल्या, ते ठीक. पण करंट येतोय तो एल्विराच्या तोंडातून. तिने चुकून चरबी खाल्ली की माझा फ्यूज उडणार."

घरी काही प्रश्न नव्हता, घरी ती तेलात करायची. पण रविवार आला की पंचाईत. लग्न झाल्यापासून रविवारी प्रार्थना झाली की दोघं बाहेर टाको, म्हणजे पोळीत गुंडाळलेली भाजी नाहीतर मांस, खाणार, हे ठरलेलं. तो म्हणाला, वर्षभर घरीच खाऊ या का? एल्विरा म्हणाली, "म्हाताऱ्या, रविवारी मी गॅसला हात लावणार नाही. नवसात ते नव्हतं."

झालं. आणि गाडी माझी. का, तर डॉक्टरांनी त्याला गाडी चालवायला बंदी केली होती, आणि नंतर बंदी उठली ते त्याने मला सांगितलंच नाही.

पहिल्या रविवारी आम्ही नेहमीच्या जागी गेलो, ला पालोमितामध्ये. तिथली चायो आम्हाला वाढून वाढून म्हातारी झालीय. एल्विराने बटाट्याचा टाको मागवला. अर्नुल्फोने चोरिझो आणि अंडं. चोरिझो म्हणजे लाल मसाल्याचं डुकराचं सॉसेज, ज्याचं नाव काढलं तरी हृदयाच्या डॉक्टरांना घाम फुटतो. एल्विराचा अर्धा टाको संपला तेव्हा चायो कॉफी ओतता ओतता म्हणाली, "बटाटे आज छान झालेत ना? बेकनच्या चरबीत परतलेत." अर्नुल्फोचा हात छातीवर. एल्विराने विचारलं, "अगं, मी मांस नको म्हणाले होते ना?" तर चायो म्हणते, "मांस नाहीच त्यात, बाई. नुसतं चवीपुरतं."

एल्विराने टाको खाली ठेवला, छातीवर क्रूसाची खूण केली आणि म्हणाली, "मला ठाऊक नव्हतं. मातेला कळतं तेवढं." अर्नुल्फो म्हणाला, "मातेला कळत असेल. माझ्या हृदयाला कुठे कळतंय?" आणि दुसऱ्या दिवशी मला घेऊन गेला की हो डॉक्टरांकडे. डॉक्टरांनी तारा लावल्या, कागद बघितला, सगळं ठीक आहे म्हणाले, आणि विचारलं, "काल काय खाल्लं होतंत?" अर्नुल्फो म्हणाला, "मी चोरिझो खाल्लं. पण त्याचा काही संबंध नाही. बायकोने बटाटा खाल्ला." डॉक्टरांनी त्याच्याकडे बघितलं. मग माझ्याकडे. मी भिंतीवरचं हृदयाचं चित्र बघत होतो.

त्यानंतर दर रविवारी नवी जागा. मी गाडी उभी करायची, एल्विरा गाडीत बसायची, आणि अर्नुल्फो आधी एकटा आत जाऊन चौकशी करायचा, एखाद्याचा एसी तपासावा तसा. एका ठिकाणी भाताचं विचारलं तर मालक म्हणाला, "कोंबडीच्या पाण्यात शिजवतो. पण कोंबडी काढून घेतो की आम्ही." दुसऱ्या ठिकाणी निवडुंगाची भाजी. आता निवडुंग, वाळवंटातलं काटेरी झाड, त्याला कोण काय करणार? तर आतून बाई ओरडली, "बेकन घालतो थोडं, नाहीतर खाईल कोण?" तिसऱ्या ठिकाणी सगळं जमलं, बीन्स तेलातले, बटाटे तेलातले, अर्नुल्फो बाहेर येऊन एल्विराला हाताला धरून आत घेऊन गेला, आणि ती पहिला घास घेणार एवढ्यात याला काय सुचलं कोण जाणे, म्हणाला, "आणि पोळी?" पोळीच्या मैद्यात डुकराची चरबी. मालकीण दुखावली बिचारी. "पोळीत मांस कुठून येईल, काका? नुसतं चवीपुरतं."

शेवटी कोणीतरी सांगितलं म्हणून नदीकाठच्या त्या झकपक जागी गेलो. दाढीवाला मुलगा आला, म्हणाला, आमच्याकडे जनावराचं काहीच नाही, दूधसुद्धा बदामाचं. एल्विराला फ्लॉवरचा टाको आणून दिला, वर डाळिंबाचे दाणे, कसलीतरी हिरवी पानं. तिने शांतपणे खाल्ला. तोंड पुसलं. मुलाला म्हणाली, "छान होतं हं, बाळा." आणि गाडीत बसल्यावर आम्हाला विचारलं, "आता जेवायला कुठे जायचं?"

तोवर ही बाई वाळायला लागली होती हो. रविवार सकाळ म्हणजे तिची हौस, आणि आता ती नुसती कॉफी पीत बसायची आणि म्हणायची, तुम्ही खा, मला भूक नाही. अर्नुल्फोच्या घशाखाली चोरिझो उतरेना. एकदा मला म्हणाला, "जगलो तिच्या जिवावर, आणि तिला एक धड टाको मिळवून देता येत नाही मला." मी काय टाको करतो? मी गाडी चालवतो.

मग चायोनेच सांगितलं. "काका, बिनचरबीचं सगळं या दक्षिण बाजूला एकच बाई करते. पेट्रोल पंपाला चिकटून टपरी आहे तिची. ओदिलिया नाव."

ओदिलिया कोण, तर एल्विराची धाकटी बहीण. आणि दोघींचं बोलणं बंद. ओदिलियाने मध्यंतरी चर्च बदललं, शनिवारी प्रार्थना करणाऱ्यांच्यात गेली, डुक्कर सोडलं, आणि त्या नाताळला मक्याच्या पिठाचे, पानात उकडलेले तामाले घेऊन आली ते चरबीऐवजी तेलात केलेले. एल्विराने सगळ्या खानदानासमोर एक घास खाल्ला आणि विचारलं, "ओदिलिया, पान काढायचं राहिलं का, की हेच आतलं आहे?" ओदिलियाने पातेलं उचललं आणि गेली. मग भाच्याच्या लग्नातही दोघी दोन टोकांना.

अर्नुल्फोने घाबरत घाबरत नाव काढलं. एल्विरा म्हणाली, "तिच्याकडे जाण्यापेक्षा नवस मोडेन." याचा हात पुन्हा छातीवर.

म्हणून गुपचूप. दर रविवारी एल्विरा चर्चमध्ये असताना आम्ही पंपावर. पहिल्या दिवशी याने निवडुंगाचा आणि बीन्सचा टाको मागितला, जादा तिखट. ओदिलियाने याला वरून खालपर्यंत बघितलं. "कोणासाठी?"

"माझ्यासाठी. हृदयाचं दुखणं."

"तुझ्या हृदयाला निवडुंग लागतो होय? आणि हे जादा तिखट कोणाला? तुला तर तिखटाने उचकी लागते."

ती टाको कागदात गुंडाळत म्हणाली, "कुठून आणले म्हणून सांगणारेस?"

"पेट्रोल पंपावरून."

"खोटं नाही ते," ती म्हणाली आणि गिऱ्हाइकाकडे वळली.

एल्विरा गाडीत बसून खायची. अख्खे खायची, कागद चाटायची बाकी. पेट्रोल पंपावर इतके चांगले बीन्स मिळतात आणि आपल्याला कोणी सांगितलं नाही, म्हणून हळहळायची. अर्नुल्फोला झोप लागायला लागली.

आणि मग एका रविवारी पुडक्यात आणखी एक डबी निघाली. आम्ही मागितलीच नव्हती. भाजलेल्या मिरचीची चटणी, त्यात किसलेली संत्र्याची साल. एल्विराने एक बोट लावून चाटलं आणि थांबली. ती साल त्यांची आई घालायची. दुसरं कोणी घालत नाही. मी आरशातून बघतोय, अर्नुल्फो खिडकीबाहेर बघतोय. एल्विराने डबीचं झाकण लावलं आणि मला म्हणाली, "गाडी वळव."

टपरीत ती जाऊन बसली. ओदिलियाने ताट आणून ठेवलं. एल्विराने सगळं खाल्लं.

"कसं झालंय?" ओदिलिया.

"मीठ कमी आहे."

"तुझ्या नवऱ्याची छाती उघडलीय ना? मला वाटलं, तोही यातलंच खात असेल."

"तो चोरिझो खातो," एल्विरा म्हणाली.

मग दोघी बहिणींनी मान वळवून अर्नुल्फोकडे बघितलं. एकाच वेळी, एकाच नजरेने. इतक्या वर्षांत त्या दोघींचं पहिल्यांदा एकमत झालं, ते याच्यावर. मग एल्विरा ताटाकडे बघत म्हणाली, "ते तामाले... इतके वाईट नव्हते." ओदिलिया म्हणाली, "वाईटच होते. तेल खवट होतं," आणि खुर्ची ओढून तिच्याजवळ बसली. गिऱ्हाइकं उभीच. शेवटी कॉफी मी ओतली सगळ्यांना.

तेव्हापासून दर रविवारी आम्ही तिथेच. दोघी बोलत बसतात आणि आम्हाला काय खायचं ते विचारत नाहीत.

परवा नवसाचं वर्ष पुरं झालं. एल्विरा मेणबत्ती लावून चर्चमधून बाहेर आली, गाडीत बसली, आणि स्वतःहून म्हणाली, "चला ला पालोमितामध्ये. मी चोरिझो आणि अंडं घेणार." अर्नुल्फोचा चेहरा बघायला हवा होता तुम्ही. तो म्हणाला, "मीही तेच."

"तू बीन्स घे. तेलातले मिळतात का विचार."

"मी कशाला?"

"ओदिलियाच्या गुडघ्याचं ऑपरेशन आहे पुढच्या महिन्यात. आत्ताच नवस बोलून आले."

"मग तू सोड ना."

"मी वर्षभर सोडलं की. या वेळी मातेला तुझं नाव सांगितलंय."

ला पालोमिताची पाटी दिसायला लागली तेव्हा अर्नुल्फोने हळूच विचारलं, "एकच गुडघा ना?"

एल्विरा म्हणाली, "दोन्ही."