जास्तीची नळी

धाकटा : नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय! डिझेल भरायचीसुद्धा पद्धत असते, वहिनी. तुम्ही नोझल आत कोंबता आणि दांडा दाबून मोकळ्या होता. टक्कन् बंद होणारच ते.

सून : अर्धं आत घालून पाहिलं, उलटं फिरवून पाहिलं. शेवटी पंपावरच्या माणसानं स्वतः भरून पाहिलं. त्याचाही हात वाकडाच का, भावजी?

सासरे : सकाळी सकाळी कालवा नको. सूनबाई, काय झालं ते नीट सांग.

सून : तेच रोजचं, बाबा. घोटभर डिझेल गेलं की नोझल बंद. परत दाबा, परत बंद. टाकीच्या तोंडाशी फेस येतो, अंगावर उडतो. मागं ट्रकवाले हॉर्न वाजवून जीव घेतात. काल एक जण खाली उतरला आणि म्हणाला, ‘बाई, चमच्यानं भरताय का?’ सगळा पंप हसला.

धाकटा : त्यात तो खोटं काय बोलला?

सून : एवढं करून टाकी अर्धीच. वर धरणाच्या कामापर्यंत वाटेत एकही पंप नाही. मागच्या फेरीला घाटातच कॅनमधून ओतत बसले. तिथले साहेब म्हणाले, मजुरांचं सामान पुन्हा उशिरा आलं तर ही फेरी दुसऱ्याला देतो.

धाकटा : ऐकलंत, बाबा? थोरला एवढी वर्षं जात होता, कुणी एक शब्द बोललं नाही त्याला. तो कंबर मोडून पलंगावर पडला, ह्यांनी गाडी हातात घेतली, आणि महिन्यात ही दशा. म्हणून ड्रायव्हर बघितलाय मी. दुपारी येतोय.

सून : मला न विचारता?

धाकटा : गाडी तुमच्या माहेरून आलेली नाही.

सून : तुमच्या सासऱ्यांनीही दिलेली नाही.

सासरे : बास! दोघांनीही तोंडाचा पट्टा आवरा. सूनबाई, सरळ सांगतो. दुपारपर्यंत टाकी धड भरली तर गाडी तुझ्याकडे. नाही भरली तर चावी ड्रायव्हरला. मग रुसायचं नाही.

सून : चालेल. भावजी, चला गाडीखाली. घाटासाठी बॉडी चाकांवर उंच उचलली ती तुम्ही, मोठी टाकी बसवलीत ती तुम्ही. माझ्या हाताचं नंतर बघू, आधी तुमच्या हाताचं बघू.

धाकटा : ते काम बघायला लांबून लोक येतात. फोटो काढून नेतात.

सून : फोटोत टाकी भरावी लागत नाही.

(थोड्या वेळानं, घरच्या गॅरेजात. सून आणि धाकटा गाडीखाली आडवे. सासरे बाहेर स्टुलावर.)

सून : ही जाड नळी डिझेल आत जायची. कुठं दुमडलेली दिसत नाही.

धाकटा : दुमडेल कशी? मी बसवलीय.

सून : आणि ही बोटाएवढी?

धाकटा : ती हवेची. डिझेल आत गेलं की टाकीतली हवा तिच्यातून वर निघून जाते. एवढं तर शेंबड्या पोरालाही कळतं.

सून : मग ती सरळ वर का जात नाही? टाकीतून निघाली, ही एवढी खाली लोंबली, चासीला बांधलीय, आणि मग वर गेलीय. बॅटरी इकडे धरा. हा झोळ दाबा बघू.

धाकटा : दाबला.

सून : काय लागतंय आत?

धाकटा : ...डिझेल.

सासरे : काय म्हणाला तो?

सून : डिझेल म्हणाले, बाबा. हवेच्या नळीत डिझेल. मोरीच्या पायपात पाणी तुंबावं तसं झोळात बसलंय. हवेला जायला वाट नाही, म्हणून भरलेलं डिझेल परत तोंडाशी येतं. आणि इतके दिवस ह्या गॅरेजात चर्चा कशाची? माझ्या हाताची!

धाकटा : नळी लांब होती म्हणून लोंबली. त्यात माझा काय दोष? बाबांची शिकवण आहे. रोलवरची नळी कापायची नाही, जास्तीची बांधून ठेवायची. पुढंमागं लागते.

सासरे : लागतेच. कापलेली नळी परत वाढत नाही.

सून : एक मिनिट. नळी पहिल्यापासून अशीच आहे ना?

धाकटा : बॉडी उचलली तेव्हापासून.

सून : मग हे गाडी न्यायचे तेव्हा टाकी कशी भरायचे? ह्यांना कुणी चमच्यानं भरता का म्हणून विचारलं नाही?

धाकटा : मला काय माहीत? तो पाना द्या.

सून : पाना मिळेल. आधी सांगा.

धाकटा : ...थोरला गाडी तिरकी लावायचा.

सून : तिरकी म्हणजे?

धाकटा : भरायच्या बाजूची चाकं पंपाच्या कडेच्या उंचवट्यावर चढवायचा. गाडी कलली की झोळातलं डिझेल टाकीत उतरतं. मग भरते.

सून : म्हणजे तुम्हाला माहीत होतं.

धाकटा : ओरडू नका, डोकं आपटेल.

सून : महिनाभर रोज रात्री ह्यांचं अंग पुसताना सांगतेय, अहो, टाकी भरत नाही, काय करू? हे छताकडे बघत म्हणायचे, ‘बघू.’ ह्यांनाही माहीत होतं!

धाकटा : थोरल्यानंच बजावलं होतं मला. तिला सांगू नको म्हणाला. चार दिवसांत कंटाळेल आणि आपण होऊन घरात बसेल.

सासरे : धाकट्या!

धाकटा : आता माझ्यावर कशाला डाफरता? तो हे बोलला तेव्हा तुम्ही त्याच्या उशाशी बसला होतात.

सून : बाबा?

सासरे : मी हो म्हणालो नाही.

सून : नाही म्हणालात?

सासरे : पोरी, बाईमाणसानं एकटीनं तो घाट चढायचा... काळजी वाटते घरच्यांना.

सून : काळजी असलेली माणसं कुणाला अर्ध्या टाकीवर घाटात पाठवत नाहीत. दरीच्या कडेला उभी राहून कॅन ओतत होते मी. कुणाला फोन करावा, तर ह्यांनाच करावासा वाटला. किती मूर्ख असेन मी!

सासरे : बरं, आता बाहेर ये. चहा घे.

सून : चहा नको. सगळ्यांनी एकदाच ऐका. मला ही गाडी चालवायला आवडते. घरात मी ह्यांची बायको, तुमची सून, भावजींची वहिनी. घाटात मी गाडी चालवते, बास. एवढं एकच माझं आहे आणि ते मी सोडणार नाही.

धाकटा : झालं भाषण?

सून : झालं. सुरी द्या.

धाकटा : नळी कापायची तर बाबांना विचारा.

सून : आता कुणाला विचारत नाही.

सासरे : सुरीनं फाटेल ती. कात्री घे, पत्र्याची. आणि सरळ काप, नाहीतर क्लिप धरणार नाही.

धाकटा : बाबा, तुम्ही?

सासरे : तू क्लिपा आवळ. तेवढं तरी नीट कर.

सून : हातभर जास्त होती. घ्या, ठेवा जपून, पुढंमागं लागेल म्हणता ना. आता टाकीपासून तोंडापर्यंत चढच आहे, कुठं झोळ नाही. बसा दोघंही मागच्या सीटवर. पंपावर जाऊ, डोळ्यांनी बघा.

धाकटा : पुढची सीट रिकामी आहे की.

सून : तिथं सामान आहे.

सासरे : बस रे गुमान.

सून : हं. आला पंप. इथं सपाटावरच लावते.

धाकटा : नोझल मी धरतो.

सून : हात लावायचा नाही.

सासरे : सावकाश दाब.

सून : सावकाश नाही, पूर्ण दाबलंय.

धाकटा : होईल बंद आता.

सून : होऊ दे.

सासरे : जातंय की.

धाकटा : अजून जातंय.

सासरे : आवाज बदलला बघ. आता बंद झालं ते टाकी भरली म्हणून. गळ्यापर्यंत आलंय. बरं, दिला शब्द. चावी तुझी. धाकट्या, त्या ड्रायव्हरला फोन करून नको म्हण.

सून : चावी माझ्याकडेच होती, बाबा. तुम्ही देताय म्हणून घेत नाही. उतरा, इथूनच निघते. साहेबांना आज उजेडात पोचते म्हटलंय.

सासरे : घरी येऊन थोरल्याला सांगून तरी जा.

सून : नाही येत.

धाकटा : मग आम्ही जाऊन काय सांगायचं त्याला? तो विचारणारच.

सून : सांगा, टाकी भरली.