रहस्यकथांच्या कपाटातला कारकून

लेखकाला वाचक कुठं मिळतात ते मला नका विचारू, मल्लप्पाला विचारा. सोलापुरात त्याचं भाड्यानं पुस्तकं देणारं वाचनालय होतं. बाहत्तरच्या दुष्काळात सगळं आटलं, माझी लेखणी तेवढी वाहत होती. गिरणीतल्या कारकुनाच्या घुसमटीवर तीनशे पानं झाली, छापूनही आली. एका प्राध्यापकांनी "श्रेष्ठ सामाजिक कादंबरी" असा अभिप्राय दिला.

मल्लप्पा म्हणाला, "मास्तर, सामाजिकला कुणी हात लावत न्हाय. रहस्यकथांत ठेवतो की."

अपमान गिळून प्रत दिली.

दोन महिन्यांत पुस्तकाच्या चिंध्या झाल्या. मी हरखलो. त्याच्या गिऱ्हाइकांना खुन्याचं नाव पहिल्या पानावर लिहून ठेवायची खोड होती. माझ्या पुस्तकात लिहिलं होतं, "खुनी सापडत नाही." खाली दुसऱ्या अक्षरात, "खून कुणाचा झाला तेच कळेना." त्याखाली तिसऱ्याच अक्षरात, "तीनदा वाचली. कारकुनावर संशय आहे."

"बघा," मल्लप्पा म्हणाला, "तीन-तीनदा वाचायलेत की!"

तिथून प्राध्यापकांकडे गेलो. त्यांच्या प्रतीची जोडलेली पानं अजून कापलेलीसुद्धा नव्हती.

पुढची कादंबरी मी सरळ रहस्यकथाच लिहिली. पहिल्याच पानावर एका प्राध्यापकाचा खून होतो.