उरलेले वीस टक्के

सन्माननीय अध्यक्ष आणि आपल्या पंप कारखान्याचे संचालक ऑर्मरॉडसाहेब, व्यासपीठावरील पाहुणे मंडळी, आजच्या सत्कारमूर्ती ग्लेनिसबाई एन्टविसल, आणि केकवर डोळा ठेवून बसलेल्या सहकारी बंधुभगिनींनो,

ग्लेनिसबाईंनी सव्वीस वर्षं आपले पगार काढले. त्यांच्या शिस्तीबद्दल साहेब बोलले आहेतच. मी ड्रॉइंग विभागातला डेस्मंड थ्वेट, मी त्यांच्या हट्टाबद्दल बोलणार आहे.

तीन वर्षांपूर्वी मार्चअखेरीस मी त्यांच्या खोलीत गेलो. आठवड्यातले दोन दिवस रजा घेतली तर पगार किती उरेल, एवढंच विचारायचं होतं. कशासाठी, असं त्यांनी विचारलं. मी म्हणालो, बागेत काचघर बांधतोय. आपल्या रॉचडेलमध्ये माणूस घरातलं दुखणं सांगण्यापेक्षा टोमॅटोंबद्दल बोलणं पसंत करतो, हे तुम्हाला ठाऊक आहे.

उरणाऱ्या पगारात भागणार नव्हतं. त्यांनी चहा ओतला आणि विचारलं, "खाजगी पेन्शनमध्ये भरतोस ना? मग वरच्या दराची करसवलत मागितलीस का कधी?"

मी म्हणालो, ती पेन्शन कंपनीच घालते की. मी ऐंशी पौंड भरले की ती वीस घालून शंभर करते, आणि कागदावर 'करसवलत जमा' असं छापूनही येतं.

"अरे बाबा, ते वीस टक्के झाले. तू वरच्या पगारावर चाळीस टक्के कर भरतोस. उरलेले वीस तुझे तूच मागायचे असतात."

सरकारकडे पैसे मागायचे? माझ्या वडिलांनी शेजाऱ्याकडे कधी शिडीसुद्धा मागितली नाही! मी म्हणालो, जाऊ दे, बरं दिसत नाही.

"भीक मागतोयस का? तुझेच आहेत. तू पेन्शन भरतोयस त्या दहा वर्षांतली सहा गेली, त्यांच्या नावानं रडू नकोस. चारच वर्षं मागे जाता येतं, आणि त्यातलं एक पाच एप्रिलला करवर्ष संपलं की हातचं जाईल."

मग सलग चार दिवस जेवणाच्या सुट्टीत त्यांनी मला समोर बसवून जुने कागद लावून घेतले. अर्ज मी लिहिला, पण टपालपेटीत पडेपर्यंत त्या माझ्याबरोबर चालत आल्या. माझा भरवसा नव्हता त्यांना, आणि बरोबरच होतं.

पैसे आले. मी मंगळवार-गुरुवार घरी राहू लागलो. ग्लेनिसबाई टोमॅटोंची चौकशी करायच्या आणि मी थापा मारायचो. आज सांगतो, काचघर नव्हतंच. माझ्या बायकोला, हेस्टरला, कंपवात झाला होता. ते दोन दिवस मी तिचे केस विंचरायचो, तिला कालव्याकाठी न्यायचो. दीड वर्ष मिळालं आम्हाला. पुढच्या वर्षीच्या ऑक्टोबरात ती गेली.

जाण्याआधी तिनं विचारलं होतं, "त्या बाईंचे आभार मानलेस का?" मी म्हणालो, निरोप समारंभात मानीन. ती म्हणाली, "इतका उशीर करू नकोस." मी केलाच.

ऑर्मरॉडसाहेब, आपण मला बोलू दिलंत, सभागृहानं ऐकून घेतलं, ऋणी आहे. बोलण्यात काही वावगं गेलं असेल तर पोटात घाला. आणि ग्लेनिसबाई, तुम्हाला खोटं सांगितलं त्याची वेगळी माफी मागतो. आभारांना तीन वर्षं उशीर झाला आहे. मुदत चार वर्षांची असते, असं तुम्हीच सांगितलं होतंत. तेव्हा हा अर्ज मंजूर करा.