जावयानं आणलेली पुली

मी नाते गावची. महाडवरनं रायगडाकडं जाताना लागतं ते नाते, तिथल्या बौद्धवाडीतली. बाप माझा भाताच्या गिरणीवर इंजिन सांभाळायचा, जुनं डिझेलचं धूड, त्याचा आवाज घरापर्यंत यायचा आनी आवाजावरनं आई सांगायची की आज बापाचं डोकं शांत हाय का तापलंय. भावांना त्या डिझेलचा वास नको असायचा, मला तोच आवडायचा, मंग बाप बोलला, चल गो, तू बॅटरी धर. बॅटरी धरता धरता हातात पाना कधी आला ते मलाच आठवत नाय. बाप जास्त बोलायचा नाय, पण एक सांगायचा, इंजिनाला जोर लावायचा नाय, त्याला अडवायचं. त्याचा अर्थ पुढं सांगते.

आता माझं गॅरेज हाय महाडात, जुन्या हायवेच्या कडेला. पावसात सावित्रीचं पाणी चढतं तवा आम्ही आधी लोकांच्या गाड्या उंचावर काढतो नि मंग घरातली भांडी. सुजाताचे बाबा, म्हणजे माझे मालक, शाळेत शिपाई होते, आता रिटायर झालेत, जेवण तेच करतात आनी माझ्यापेक्षा बरं करतात, हे मी चारचौघांत सांगते म्हणून त्यांना राग येतो. बाईच्या गॅरेजला गाडी कोण देणार असं लोक बोलले, बोलून बोलून दमले, आता तेच सकाळी येऊन बाकड्यावर बसतात आनी मला विचारतात, ताई, आमची कधी घेताय. मी बोलते, च्या प्या, घेते. हात माझा चांगला हाय, त्यात लाजायचं काय.

तर सुजाता. एकुलती एक लेक. तिला दिली पोलादपूरच्या वर, आंबेनळी घाटाच्या रस्त्याला एक वाडी हाय तिथं. जावई राहुल, एमआयडीसीत कारखान्यात ऑपरेटर, रोज वरनं खाली येतो-जातो, पोरगा सरळ, बोलायला कमी. लग्न विहारात लावलं, सगळं चांगलं झालं. मंग पहिल्या वर्षी सुजाताला दिवस गेले आनी ते राहिलं नाय. पाचव्या महिन्यात गेलं. आदल्या दिवशी ती राहुलच्या मोटरसायकलवर बसून बाजाराला गेली होती, घाटातनं, खड्ड्यातनं. डॉक्टरीण बोलली की त्याचा नि याचा काय संबंध नाय, ते तसंही राहिलं नसतं. मी ऐकलं. मान हलवली. पण काय सांगू तुम्हाला, कान ऐकतो आनी पोट ऐकत नाय.

मी राहुलला एक शब्द बोलले नाय. जावई हाय, जावयाला कोण बोलतं. उलट त्याचा मान वाढवला. तो आला की चांगल्या कपात च्या, पाट, पाण्याचा तांब्या, या जावईबापू, बसा जावईबापू, आनी मी आत निघून जायची. सुजाताचे बाबा कोंबडीवडे करायचे, वाढायचे, त्याच्याशी पावसापाण्याचं बोलायचे, मी गॅरेजमध्ये गाडीखाली. सहा महिन्यांत त्यानं मोटरसायकल विकली आनी जुनी चारचाकी घेतली, पेट्रोलवरची, बारकी. का घेतली ते सगळ्यांना कळत होतं. तेही कुणी बोललं नाय.

मंग सुजाताला परत दिवस गेले. आमच्याकडं पहिल्या बाळंतपणाला लेक माहेरी आणायची, सातव्यात आणायची. महाडात दवाखाना हाय, वरच्या वाडीत काय हाय, पावसात दरड आली की रस्ताच नाय. मी ठरवलेलं होतं की तिला आणायला मीच जाणार, माझ्या जीपनं, माझ्या हातानं. तसं मी सुजाताला सांगितलं पन होतं. ती बोलली, आई, ह्यांची गाडी हाय ना. मी बोलले, असू दे गाडी.

त्या आठवड्यात रविवारी सकाळी राहुल आला. हातात मिठाईचा पुडा नि एक खोका. खोका माझ्यासमोर उघडला, आत क्रँकची पुली. म्हणजे बघा, इंजिनाच्या टोकाला एक चाक असतं, त्याच्यावर पट्टा असतो, त्या पट्ट्यावर पाण्याचा पंप फिरतो, डायनामो फिरतो, एसी फिरतो. कंपनीची पुली बिडाची, वजनदार, तिच्या पोटात रबराचं कडं असतं, इंजिनाची थरथर ते कडं खातं. ही बाहेरची, ॲल्युमिनियमची, लालभडक रंगाची, वजनाला वाटीसारखी, रबर-बिबर काय नाय, आनी घेरानं जरा लहान. त्याच्या पनवेलच्या मित्रानं आपल्या गाडीची काढून दिलेली. पट्टा पन आखूड आणलेला होता बरोबर. बोलला, आई, हलकी हाय, इंजिन पटकन उचलतं बोलतात, बसवाल का.

मला दोन मिनिटांत कळलं की ही पुली आमच्या घाटाची नाय. घेर लहान म्हणजे पंप सावकाश फिरणार, पाणी सावकाश फिरणार, सपाटीला चालून जातं, पण घाटात पयल्या गियरला चढताना इंजिन तापलं तर. आनी रबर नाय म्हणजे थरथर जाणार कुठं. हे सगळं ओठावर आलं. तेवढ्यात सुजाताच्या बाबांनी स्वयंपाकघरातनं डोळे वटारले. जावयानं तोंडानं मागितलेली पयली गोष्ट, तिला नाय म्हणायचं? आनी त्यानं मला सोडून दुसऱ्या गॅरेजला जायचं म्हणजे सासुरवाडीचा अपमान, ते तर तो मेला तरी करणार नाय. मी बोलले, बसवते की जावईबापू.

आता ऐका बसवायचं कसं. गाडी जॅकवर घेतली, खाली लाकडाचे ठोकळे, पुढचं उजवं चाक काढलं, आतलं प्लास्टिक काढलं, पट्टा सैल करून उतरवला. मधला बोल्ट, तो खरा राक्षस. पाना लावला की बोल्ट सुटत नाय, सगळं इंजिनच फिरतं. काय लोक पाना जमिनीला टेकवून स्टार्टर मारतात, सुटला तर सुटला, नायतर पाना उडून नडगी फुटते. माझा बाप दोरी वापरायचा. तो डिझेलचं नोझल काढायचा, पेट्रोलला मी प्लग काढते, पिस्टन खाली असताना त्या भोकातनं मऊ सुती दोरी आत सोडायची, धुतलेली, टोकाला गाठ, गाठ बाहेर. इंजिन फिरलं की पिस्टन वर येतो नि दोरीवर दबतो, दोरी कापूस, ती काय मोडत नाय आनी काय मोडू देत नाय. इंजिन अडकलं. मंग पान्यावर पाय दिला की बोल्ट बोलतो, कट्ट. जोर लावायचा नाय, अडवायचं, ते हे.

राहुल बाजूला उभा होता. मी बोलले, बसा ना जावईबापू खुर्चीवर, तो बोलला, नको, मी दोरी धरतो. धरली. कपडे चांगले होते, ऑइल लागलं, तरी धरून राहिला, आनी सगळं विचारत होता, हे कशाला, ते कशाला. जुनी पुली पुलरनं ओढून काढली, नवी बसवली, खाच जुळवली, बोल्ट नीट कसला, आखूड पट्टा चढवला. चालू केली. खोटं कशाला बोलू, एक्सलेटरला नुसता पाय लावला की इंजिन अस्सं वर जायचं, मलाच हसू आलं. राहुल पन हसला. त्याला हसताना मी लग्नानंतर बघितलाच नव्हता.

पण माझा एक नियम हाय. इंजिनात काय नवीन गेलं की मी गाडी हायवेला फिरवून चावी देत नाय. गाडी भरायची आनी वरंधचा घाट चढवायचा. मागं सुजाताचे बाबा, शेजारच्या पार्वतीकाकी, त्या घाटातल्या भज्यांसाठी कधीही तयार, डिकीत भाताची पोती, आनी जुनी पुली नि पट्टा पन टाकला मी गुपचूप. एसी लावला. गाडी राहुलला दिली आनी मी बाजूला बसले, एक डोळा तापमानाच्या काट्यावर.

गाडी तापेल आनी मला तोंड उघडावं लागणार नाय, असं माझ्या मनात होतं, सांगते खरं. काटा वर गेला, वळणावळणाला वर गेला, आनी लाल रेघेच्या खाली जाऊन थांबला. तिथंच थांबला. गाडी चढली. राहुल चालवत होता पन असा की पाण्यानं भरलेली घागर मांडीवर हाय, खड्डा दिसला की आधीच पाय काढायचा, कुठं धक्का नाय. पार्वतीकाकी बोलल्या, अगो, झोप लागेल अशी चालवतोय पोरगा. फक्त पायाखाली, सीटमध्ये, दरवाज्यात ती बारीक झिणझिण, दातातनं कळणारी.

वर भज्यांच्या टपरीशी थांबलो. ती दोघं भज्यांकडं गेली. राहुलनं विचारलं, कशी वाटली आई. आनी माझ्या तोंडातनं निघालं, गाडी चढली, चढेल, पण माझ्या लेकीला मी यात बसवणार नाय.

त्यानं बॉनेटवर हात ठेवला. मंग बोलला, पुलीमुळं, का माझ्यामुळं?

आता काय सांगू तुम्हाला, येवढ्या वर्षांत कुणी मला असा सरळ प्रश्न केला नव्हता. मी बोलले, पुली तर आपल्या घाटाची नायच, बघताक्षणी कळलं मला. तो बोलला, मंग बसवली कशाला? मी बोलले, तुम्ही जावई, तुम्ही मागितली. तर तो कपाळाला हात लावून बोलला, आई, मला पन नको होती ती. मित्रानं दिली, मला वाटलं तुम्हाला दाखवावी, तुमच्या कामाची वस्तू हाय, तुम्ही काहीतरी बोलाल. मला वाटलं तुम्ही शिव्या घालाल, हे काय खेळणं आणलं बोलाल. तुम्ही बसवते बोललात, मंग मी कसा नको म्हणणार. तुम्ही माझ्याशी बोलतच नाय. च्या देता नि आत जाता. तुम्ही मला एकदा काय ते बोलून घेतलं असतं तर बरं झालं असतं.

डोळे भरले होते त्याचे. मला राग होता, होताच, लपवू कशाला, माझ्या लेकीचं गेलं होतं. पण त्याचंही गेलं होतं, हे मी येवढे दिवस बाजूला ठेवलेलं. ते तिथं, त्या टपरीशी, माझ्या छातीत येऊन बसलं. मी बोलले, रडू नको रे राहुल. मला जे बोलायचं होतं ते सगळं बोलले मंग, मोटरसायकलचं, खड्ड्यांचं, सगळं, आनी त्यानं ऐकून घेतलं. भजी थंड झाली. सुजाताचे बाबा लांबनं बघत होते, त्यांना वाटलं भांडण लागलं, ते काय जवळ आले नायत.

खाली आल्यावर मी स्टुलावर बसले नि बोलले, काढ आता तुझी ती लाल पुली, मी हात लावणार नाय. त्यानं काढली. दोरी सोडताना पिस्टन खाली घ्यायला विसरला, मी ओरडले, अरे मुर्दाडा, आधी बघ तरी. सुजाताचे बाबा आतनं धावत आले, जावयाला मुर्दाड बोललीस? राहुल गाडीखालनं बोलला, बोलू द्या बाबा. जुनी पुली, जुना पट्टा बसवला त्यानं, बोल्ट कसला, मी फक्त शेवटी पाना लावून बघितला. बरोबर होता.

आनी मंग सुजाताला आणायचा दिवस. जीपची चावी माझ्या कमरेला होती. सकाळी तिचा फोन आला, आई, निघालीस का. मी बोलले, मी येत नाय गो, तुझा नवरा आणतोय तुला. ती बोलली, बरं. बोलायला सोपं, पण सांगते, तो सगळा वेळ मी एका गाडीचं काम केलं नाय, रस्त्याकडं तोंड करून उभी. गिऱ्हाईक बोलतंय, ताई आमचं बघा, मी बोलले, उद्या या.

गाडी आली. सावकाश वळली, दारात थांबली. राहुलनं काच खाली केली आनी तोंडावर बोट ठेवलं, आवाज करू नका म्हणून. मी मागं वाकून बघितलं तर पोर उशीला डोकं लावून गाढ झोपली होती, घाटातनं सगळी झोपून आली होती. पयलं गेलं तेव्हापासनं माझी लेक गाडीत बसली की हँडल सोडायची नाय. मी दार उघडलं नाय. आम्ही दोघं बाहेर उभे राहिलो, सासू नि जावई, ती आपसूक उठेपर्यंत.

नात झाली. आता रांगते, ऑइलच्या डब्याकडं पयली जाते, तिची आई ओरडते, बाप हसतो. पाटबीट कुणी मांडत नाय आता त्याला, येतो, हात धुतो, माझ्याबरोबर गाडीखाली येतो. चुकला की शिव्या खातो. मला आता काय पाहिजे? माझं झालं. त्या तिघांचं असंच बिनधक्क्याचं जाऊ दे, येवढंच म्हणते, आनी तुमचंही जाऊ दे. च्या घ्या, निवतोय.