बाल्कनीतला पाटा

अरे, डोंबिवलीच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहायला गेलो, तर बाल्कनीत भलामोठा पाटा-वरवंटा पडलेला. मालक सावंतकाकांना फोन केला. म्हणाले, "आधीच्या भाडेकरूंचा असेल. द्या टाकून." उचलायला गेलो तर माझी कंबरच धरली. बायको म्हणाली, "राहू दे आता. चटणी वाटून बघते."

महिन्याभराने काका सहज आलेले. बायकोने थालीपीठ आणि पाट्यावरची खोबऱ्याची चटणी दिली. काकांनी चटणी दोनदा मागून घेतली, मग हळूच म्हणाले, "पाटा आमच्या आईचा आहे. मला टाकवत नाही, म्हणून प्रत्येक भाडेकरूला टाकायला सांगतो."

मी म्हटलं, "आणि कोणी खरंच टाकला असता तर?"

"चार भाडेकरू झाले. एकाकडूनही हलला नाही."