एकाच मापाच्या नोटा

बँकेत खिडकीवरचा कारकून नव्या चलनाचे नमुने हाताळायला देत होता. रांगेत माझ्यापुढे हार्डवेअरच्या दुकानाचा अंध मालक होता, सोबत त्याची धाकटी बहीण.

"दादा, हात किती गार पडलेत तुझे!"

"जुन्या नोटा लांबीवरून कळायच्या गं. या म्हणे सगळ्या एकाच मापाच्या."

"पण कडेला उठावाच्या रेघा आहेत ना. शंभराला दोन, पाचशेला तीन."

"खिळे चाळून बोटांना घट्टे पडलेत माझ्या. नाहीच कळल्या तर?"

"तर गल्ल्यावर मी बसेन."

"आणि मी? माझ्याच दुकानात पाहुणा म्हणून बसू?"

"तसं नाही रे म्हणायचं मला."

"पुढचे या. काका, ही घ्या, कितीची सांगा."

"ही... शंभराची."

"पाचशेची आहे, काका."

"दादा, चल. घरी सावकाश बघू."

"थांब. साहेब, ही आणि एक शंभराची मिसळा आणि पुन्हा द्या."

"मागे लोक खोळंबलेत, दादा."

"खोळंबू देत. तू चकार शब्द काढू नकोस... ही पाचशेची. आणि ही शंभराची. बरोबर ना, साहेब?"

"बरोबर आहे, काका. दोन्ही बरोबर."

"पुन्हा मिसळा."