सतरा बेस चोरणारा

(शारजा, अल मजाज. मुलांना बेसबॉल शिकवणाऱ्या एका अकादमीचं लहानसं ऑफिस. दुपारचे तीन. टेबलाच्या एका बाजूला मॅनेजर माहनूर, दुसऱ्या बाजूला कोचच्या नोकरीसाठी आलेला भिकाजी.)

माहनूर: परत तेच विचारते. कात्रणात नाव किसन आहे, पासपोर्टवर भिकाजी. मग हा किसन कोण?

भिकाजी: मीच की मॅडम. घरात किसन म्हणत्यात. भिकाजी आपलं कागदावरचं.

माहनूर: पेपरवाले घरातलं नाव छापतात?

भिकाजी: गावाकडचा पेपर त्यो. ग्राउंडवर जी हाक ऐकली ती छापली आसंल.

माहनूर: आडनाव पण वेगळं आहे.

भिकाजी: छापायची चूक.

माहनूर: नाव घरातलं, आडनाव चुकीचं आणि फोटोतला चेहरा धुळीने भरलेला. भिकाजी, माझ्या जागी तुम्ही असता तर काय केलं असतं?

भिकाजी: मी आस्तो तर आधी च्या मागवला आस्ता.

माहनूर: चहा मिळेल, आधी हे होऊ दे. मागच्या महिन्यात असाच एकजण आला होता. नॅशनल खेळलोय म्हणाला, सर्टिफिकेट दाखवलं, मी सही करून टाकली. पहिल्याच दिवशी पोरांनी विचारलं, सर, ग्लव्ह कुठल्या हातात घालायचा, तर हा बाबा माझ्या तोंडाकडे बघायला लागला. पेरेंट्सनी सरळ ओनरला फोन केले. ओनर मला म्हणाला, माहनूर, पुढचा कोच असाच निघाला तर त्याच्या मागोमाग तू पण यल्ला, चालू लाग. त्यामुळे राग मानू नका, मी सगळं व्हेरिफाय करणार.

भिकाजी: करा की. पण कालची ट्रायल झाली न्हवं? आता आनी काय बघायचं?

माहनूर: ट्रायलचं घरी ऐकलं मी. माझी हिबा घरात आल्या आल्या म्हणते, मम्मा, दॅट अंकल इज टोटली मॅड. म्हणे तुम्ही बेसला वाकून नमस्कार केला, रेषेचा चुना घेऊन कपाळाला लावला आणि बॉल टाकणाऱ्या आमच्या तहासरांना तीन बोटं दाखवली.

भिकाजी: तिसऱ्या बॉलला पळतो म्हणून सांगितलं त्यास्नी.

माहनूर: आणि तिसऱ्याच बॉलला पळालात.

भिकाजी: सांगून चोरायचं, मॅडम. न सांगता कुणीबी चोरतंय.

माहनूर: हे बघा, मला खेळातलं काही कळत नाही. आमच्या राजापूरच्या घरात खेळ म्हणजे क्रिकेट नाहीतर कॅरम. तहासरांनी मला समजावलं की पिचर बॉल टाकायला लागला की त्याची नजर चुकवून पुढच्या बेसवर धावायचं. बॉल आधी पोचला तर बाद, तुम्ही आधी पोचलात तर बेस चोरला. बरोबर?

भिकाजी: झ्याक समजावलंय.

माहनूर: आणि तुम्ही शाळांच्या राष्ट्रीय स्पर्धेत पाच दिवसांत सतरा बेस चोरले. एकदाही बाद नाही. तेवीस वर्षं झाली, अजून कुणी मोडलेलं नाही.

भिकाजी: मोडणार पण न्हाय. पोरं आता बेसवर हुबी ऱ्हाऊन आरशात बघितल्यागत केस नीट करत्यात.

माहनूर: तहासर म्हणाले, माणूस खेळलेला आहे यात शंका नाही. पण खेळलेला असणं वेगळं, रेकॉर्ड असणं वेगळं. ओनरला पोस्टरवर रेकॉर्ड हवंय. मूळ सर्टिफिकेट कुठे आहे?

भिकाजी: गावाकडं.

माहनूर: फोटो मागवा. आत्ता, व्हॉट्सअपवर.

भिकाजी: पेटीत हाय. पेटीची चावी आईकडं, आन् आई बहिणीकडं गेलीया.

माहनूर: बहिणीला फोन करा.

भिकाजी: ती शेतात आसंल आत्ता.

माहनूर: प्रत्येक प्रश्नाला तुमच्याकडे उत्तर तयार आहे. मला तेच आवडत नाही.

भिकाजी: मॅडम, आपण बेस चोरलेत, माणसं न्हाय फसवली. इचारा काय इचारायचं ते.

माहनूर: फोटो ब्लॅक अँड व्हाइट आहे. पायातला एक मोजा गडद दिसतो, एक फिका. रंग कुठले?

भिकाजी: डावा लाल, उजवा पिवळा. टीमचे मोजे घ्यायला माझ्याकडं काय हुतं? दोन पोरांकडनं एक एक मागून घेतला. पहिल्या दिवशी प्रेक्षक हसले. तिसऱ्या दिवशी हरयाणाच्या पोरांनी बी तसलेच घातले.

माहनूर: आणि हे खाली लिहिलंय, फायनलमध्ये बोट मोडलं तरी खेळत राहिला. कुठलं बोट?

भिकाजी: ही करंगळी. डाव्या हाताची. सतराव्या बेसला घसरत गेलो, कॅचरचा बॉल आन् ह्ये बोट येकदमच पोचलं. बघा, अजून वाकडीच हाय.

माहनूर: दिसतेय. बरं, एक मिनिट थांबा. ऑफिसच्या फोनवरून एक कॉल करायचाय.

भिकाजी: च्याचा?

माहनूर: नाही. आज सकाळी मी तुमच्या राज्याच्या असोसिएशनच्या जुन्या सेक्रेटरींना शोधून काढलं. ते म्हणाले, किसन तर इथेच आहे, तालुक्याच्या ठिकाणी सरकारी कचेरीत क्लार्क आहे, खेळाडूंच्या राखीव जागेवर लागलाय. नंबर पण दिला त्यांनी.

भिकाजी: मॅडम, ऱ्हाऊ द्या.

माहनूर: का राहू द्या?

भिकाजी: त्यो दुसराच किसन आसंल. आमच्याकडं घराघरात किसन हाय.

माहनूर: मग तसं कळेल. स्पीकरवर टाकते. तुम्ही गप्प बसायचं. रिंग होतेय.

किसन: हॅलो, कोण बोलतंय?

माहनूर: नमस्कार. मी माहनूर परकार, शारजाहून बोलतेय. बेसबॉलची अकादमी आहे आमची. तुम्ही २००२ च्या स्पर्धेतले किसन ना? सतरा बेसवाले?

किसन: हो. कशाबद्दल? चौकशी आहे का काही?

माहनूर: कसली चौकशी?

किसन: नाही, सध्या खेळाडूंच्या सर्टिफिकेटांची तपासणी चालू आहे. माझी कागदपत्रं मी दिलीत. साहेबांनी बघितलीत.

माहनूर: माझा त्याच्याशी संबंध नाही. आम्ही फक्त रेकॉर्डची माहिती गोळा करतोय.

किसन: शारजाहून? नंबर कुणी दिला तुम्हाला?

माहनूर: तुमच्या जुन्या सेक्रेटरींनी. दोनच प्रश्न आहेत. त्या वेळी पायात मोजे कुठल्या रंगाचे होते?

किसन: डाव्या पायात लाल, उजव्या पायात पिवळा. पिचरला बोटं दाखवून मी सांगायचो, कितव्या बॉलला पळणार ते. एकूण सतरा बेस, एकदाही बाद नाही. अंपायरने शेवटी हात मिळवला.

माहनूर: अगदी पाठ आहे तुम्हाला.

किसन: स्वतःचं रेकॉर्ड पाठ नसणार का, मॅडम?

माहनूर: बरोबर. तर भिकाजी, आता तुम्ही—

किसन: कोण भिकाजी?

माहनूर: कुणी नाही. दुसरा प्रश्न. फायनलमध्ये तुमचं बोट मोडलं होतं. कुठलं?

किसन: बोट?

माहनूर: पेपरात आलंय. वाचून दाखवू?

किसन: हां, बोट. बरं झालं नंतर. उजव्या हाताचं, मधलं. आता काही वाटत नाही.

माहनूर: एक उपकार करा. दोन्ही हातांचा फोटो काढून मला पाठवाल? आत्ता लगेच.

किसन: हातांचा फोटो कशाला? मॅडम, तुम्ही नक्की कोण आहात? मी ऑफिसात आहे. माणसं बसलीत समोर.

माहनूर: फक्त फोटो पाठवा. तुमची बोटं सरळ असतील तर माझ्यासमोर बसलेला माणूस खरा आहे, आणि मग तुम्ही कोण, हा प्रश्न—

भिकाजी: मॅडम, खलास. बास करा.

माहनूर: तुम्हाला गप्प बसायला सांगितलं होतं.

भिकाजी: माझी करंगळी कारखान्यात गेली. फोर्कलिफ्टखाली. खेळात न्हाय मोडली. रेकॉर्ड ह्या साहेबांचंच. मी खोटं बोललो.

माहनूर: आत्ता पाच मिनिटांपूर्वी कॅचरचा बॉल म्हणालात.

भिकाजी: थाप मारली. सोडा त्यास्नी.

किसन: भिका?

भिकाजी: मॅडम, बंद करा त्यो फोन.

किसन: भिका, तू हायस व्हय तिथं?

भिकाजी: ठेवा फोन, दाजी. कामाच्या टायमाला बोलत बसू नगा.

किसन: आरं, मला सांगायचं तरी. मॅडम, ऐका, ह्या माणसानं—

भिकाजी: दाजी, सगुणाला सांगा मी बरा हाय. शुक्रवारी फोन करतो. ठेवा म्हणतो न्हवं.

माहनूर: कट झाला.

भिकाजी: बरं झालं.

माहनूर: दाजी म्हणालात तुम्ही त्याला.

भिकाजी: बहीण दिलीया त्यास्नी.

माहनूर: अच्छा. म्हणजे दोघं मिळून मला बनवताय. दोघांनाही मोज्यांचे रंग माहीत, दोघांनाही सतराचा आकडा पाठ. तुम्ही इथे नोकरी घेणार, तो तिकडे. उद्या अजून एक किसन येईल.

भिकाजी: तसं न्हाय मॅडम.

माहनूर: मग कसं? दार बंद आहे. फोन बंद केलाय. आता तरी खरं सांगा.

भिकाजी: दहावीला दोनदा नापास झालो. शाळा सुटली, पर खेळाचे सर काय सोडीनात. वय बसत हुतं, शाळा बसत नव्हती. किसन बारावीला, हजेरीपटावर त्याचं नाव. सर म्हणाले, त्याच्या नावावर खेळ, येका स्पर्धेचा तर प्रश्न हाय. फार्मावर फोटो त्याचा, टोपी डोळ्यावर वढली की कोण बघतंय? आता मला काय ठावं, सतरा बेस चोरीन म्हणून.

माहनूर: आणि सर्टिफिकेट किसनच्या नावाने आलं.

भिकाजी: मीच नेऊन दिलं त्याच्या घरी. मला त्याचा काय उपेग? चार वर्षांनी त्याच कागदावर त्यास्नी नोकरी लागली. मग आमच्या आईनं सगुणासाठी तेच घर बघितलं. सरकारी नोकरीचा मुलगा, घरची माणसं चांगली. म्या माळ घालताना टाळ्या वाजवल्या. खोटं सांगत न्हाय, मनापासनं वाजवल्या.

माहनूर: मोज्यांचं त्याला तुम्हीच सांगितलंत.

भिकाजी: घोकून घेतलं त्याच्याकडनं. कुणी इचारलं तर म्हणून. बोटाचं तेवढं ऱ्हायलं.

माहनूर: या अल्ला. मग कात्रण घेऊन इथे कशाला आलात? मी फोन करणार हे डोक्यात आलं नाही?

भिकाजी: वाटलं, समुद्राच्या ह्या अंगाला कोण तपासतंय. अकरा वर्षं रास अल खैमात टाइल्सच्या भट्टीपाशी फोर्कलिफ्ट चालवतोय. रूममधल्या पोरांना सांगितलं तर हसत्यात. सोमनाथ म्हणतो, भिकादा, झोपताना सांग, लवकर झोप लागती. लई वाटायचं मॅडम, येकदा तरी कुणी बोट दाखवून म्हणावं, त्यो बघ, ह्यो माणूस हुता त्यो. तेवढ्यासाठी आलो. दुसरं काय न्हाय.

माहनूर: त्याच्या बोटांचा फोटो आला असता तर तुम्ही आत्ता कोच झाला असता.

भिकाजी: आन् त्यो घरी बसला आस्ता. भाची बारावीला हाय माझी. तुमची आसती तर तुम्ही येऊ दिला आस्ता का?

माहनूर: माझ्या जागी बसून मला हे विचारू नका. मी अजूनही पूर्ण विश्वास ठेवलेला नाही तुमच्यावर.

भिकाजी: ठेवू बी नगा. त्ये कात्रण तेवढं द्या, निघतो. साडेचारची बस हाय.

माहनूर: बसा. कोच म्हणून नाही घेता येणार. ओनरला कागद लागतो आणि तुमच्याकडे कागद नाही, कधी येणारही नाही. असिस्टंटची जागा आहे. बॅगा उचलायच्या, चुन्याच्या रेषा मारायच्या, पोरांना पळायला शिकवायचं. पोस्टरवर नाव येणार नाही. पगार कारखान्यात आहे तेवढाच.

भिकाजी: भट्टीपास्नं लांब हाय न्हवं?

माहनूर: ऊन आहे.

भिकाजी: उनाचं काय घिऊन बसलाय.

माहनूर: एक अट आहे. रेकॉर्डबद्दल एक शब्द बोलायचा नाही. पोरांशी नाही, पेरेंट्सशी नाही, माझ्या हिबाशी तर अजिबात नाही. ती दिवसभर गुगल करत बसते.

भिकाजी: तेवीस वर्षं हाय की गप्प.

माहनूर: मग फॉर्म भरूया. नाव, भिकाजी. वय, एक्केचाळीस. आता हा रकाना, खेळाशी तुमचा संबंध. इथे काहीतरी लिहावं लागतं, रिकामा सोडून चालत नाही. काय लिहू?

भिकाजी: लिवा की, रेकॉर्डवाल्याचा मेहुणा.